काष्टा, सायकल आणि मांडीचे माप

मलकापूरच्या बाजारात कपड्यांच्या दुकानात जाऊन ‘सायकलिंगची चड्डी’ हा शब्द तोंडातून काढायला मला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात मी टॉवेल घेऊन परत आले. दुसऱ्या आठवड्यात पुतण्यासाठी बनियन घेतले. तिसऱ्या आठवड्यात मात्र विचारलेच. दुकानदार भला माणूस. त्याने कप्प्यातून एक काळी चड्डी काढली, माझ्याकडे पाहिले, ती घडी घालून पुन्हा जागेवर ठेवली आणि म्हणाला, “ताई, तुमच्या मापात कंपनी काढतच नाही.”

त्याचा काही दोष नव्हता. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कोणती कंपनी? कोणते माप? आणि ते माझे नाही हे कुणी, केव्हा ठरवले?

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझे वय ४६, वजन ९१ किलो. साखर काठावर आल्याचे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा चालायला सुरुवात केली, पण गुडघे कुरकुरू लागले. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट पेलते, त्यामुळे पाय हलतात पण गुडघ्यांवर चालण्याइतका ताण येत नाही. म्हणून घरातली पडून असलेली सायकल दुरुस्त करून घेतली. आमच्या शाहूवाडी तालुक्यातून कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता जातो. बांबवडे, मलकापूर आणि पुढे आंबा घाट. पहाटे वाहने कमी असतात. आम्ही चौघीजणी त्या रस्त्याने निघू लागलो. चौघीही अंगाने भरलेल्या. दोन महिन्यांनी आम्ही दोघीच उरलो. एकीने गुडघ्याचे कारण सांगितले, दुसरीने वेळेचे. पुढे एका हळदीकुंकवाला, स्वयंपाकघरात कुणी नाही असे पाहून, पहिलीने खरे कारण सांगितले. मांड्या आतून सोलवटल्या होत्या. आठ दिवस तिला नीट चालता येत नव्हते. दुसरीचेही तेच होते. आणि माझेही तेच होते. चौघींना एकच दुखणे, आणि चौघींनी ते एकमेकींपासून लपवले होते.

हा लेख त्या दुखण्याचा शोध आहे. एका कपड्याची चौकशी करताना ती मला लुगड्यापर्यंत, इचलकरंजीच्या मागापर्यंत आणि अमेरिकेतल्या एका मोजणीपर्यंत घेऊन गेली.

मावशीचे उत्तर

माझी मावशी शहात्तर वर्षांची. तीही अंगाने माझ्यासारखीच. उभा जन्म शेतात गेला, बाजाराला कोसकोस पायी जायची. तिला विचारले, “मावशी, तुझ्या मांड्या कधी घासल्या नाहीत का गं?” ती हसली. “आगं, लुगड्याचा काष्टा मांड्यांच्या मधी आसतोय. कातडीला कातडी लागंल कशी?”

या एका वाक्यात निम्मे शास्त्र आले. कातडी सोलवटायला तीन गोष्टी लागतात : घर्षण, ओल आणि दाब. तिन्ही एकत्र आल्या की वरचा थर निघतो. त्यातली एक जरी कमी केली तरी बरेच काम होते. नऊवारीचा काष्टा मांड्यांच्या मधून मागे जाऊन कमरेला खोचला जातो, त्यामुळे दोन मांड्यांमध्ये कापडाचा पडदा तयार होतो. त्यात आतल्या बाजूने शिवण नसते, कारण लुगड्याला शिवणच नसते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. ते रोज नव्याने, त्या दिवशीच्या शरीरावर बेतले जाते. बाळंतपणात पोट वाढले, आजारपणात उतरले, उतारवयात पुन्हा सुटले, तरी लुगडे तेच राहते. घोळ चार बोटे इकडे, चार बोटे तिकडे. लुगड्याला माप नसते, म्हणून त्यात न बसणारी बाईही नसते.

लुगड्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. मी काष्टा नेसून सायकल चालवून पाहिली. मागची खोचण नेमकी बैठकीखाली येते आणि दोन किलोमीटरांत रुतू लागते. सुती कापड घाम पिते आणि सोडत नाही. आमच्याकडच्या पावसात भिजले की ते अंगावर ओझे होऊन बसते. काष्टा चालण्यासाठी, वाकण्यासाठी, भातलावणीसाठी घडलेला आहे. तास-दीड तास एका अरुंद सीटवर टेकून बसणे हे काम त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

लुगड्यानंतर आला शिंपी. पोलके, झंपर, परकर, पुढे पंजाबी ड्रेस, सगळे टेपने मोजून आणि वहीत लिहून शिवले जाई. टेप कुणालाच नाकारत नाही. पोलक्याचे कापड अपुरे पडले तर शिंपी काखेत जोड लावायचा, पण “तुमच्या मापात काढत नाही” असे म्हणायचा नाही. ते वाक्य तयार कपड्यांच्या जगात जन्मले.

सायकल आणि बाईचा पोशाख

बाईच्या कपड्यांचा आणि सायकलचा झगडा आपल्याकडचाच आहे असे नाही. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ सायकल आली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, साखळीने फिरणारी, म्हणजे आजच्या सायकलीची आईच. १८८८ मध्ये डनलॉपचे हवेचे टायर आले आणि सायकल सामान्य बायकांच्या आवाक्यात आली. पण बायकांच्या अंगावर होते घोळदार लांब झगे आणि पोट आवळणारे कॉर्सेट. तेव्हा आधी सायकलच वाकली. पुढचा आडवा दांडा खाली उतरवून ‘लेडीज सायकल’ झाली आणि झगा अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी आली. तीच सायकल पुढे आपल्या पाचवारी साडीलाही सोयीची ठरली.

मग पोशाख बदलू लागला. लंडनमध्ये १८८१ सालीच बायकांच्या सुटसुटीत पोशाखासाठी एक संस्था निघाली होती. तिच्या पुढारी लेडी हार्बर्टन १८९८ मध्ये सायकलवरून सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेल्या. अंगात झग्याऐवजी विजारीसारखा घोळदार पोशाख होता, म्हणून त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. प्रकरण पुढच्या वर्षी न्यायालयात गेले आणि निकाल हॉटेलच्या बाजूने लागला. उच्चकुलीन बाईची ही गत, तर मलकापूरच्या दुकानात शब्द फुटायला मला तीन आठवडे लागले याची मी फारशी लाज बाळगत नाही.

जवळच्या अंतरासाठी मात्र वेगळ्या कपड्याची गरजच नसते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या, त्या आपल्या नेहमीच्या कपड्यांतच. शाळेला जाणाऱ्या मुलीही गणवेशातच सायकल मारतात. दोन-तीन किलोमीटरांना सलवार पुरते. प्रश्न सुरू होतो तो अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे, आणि मांड्या एकमेकींना लागत असतील तर त्याही आधी.

माप कुठून आले

तयार कपड्यांचे माप ठरवायचे तर आधी माणसे मोजावी लागतात. बायकांची अशी पहिली मोठी मोजणी अमेरिकेच्या शेती खात्याने १९३९-४० मध्ये केली. सुमारे १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापे घेतली गेली आणि १९४१ मध्ये अहवाल निघाला. त्यात फक्त गोऱ्या बायकांची मापे धरली होती. या मोजणीच्या पायावर तिथे १९५८ मध्ये कपड्यांच्या मापांचे व्यापारी प्रमाण जाहीर झाले, आणि ते खऱ्या शरीरांना लागू पडेना म्हणून १९८३ मध्ये मागेही घेतले गेले. आपल्याकडे तयार कपडे आले ते बहुतांशी अशा अमेरिकी-ब्रिटिश तक्त्यांचे बोट धरून. भारतीय शरीरांचा स्वतंत्र तक्ता करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निफ्ट’ने, अलीकडे ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. १५ ते ६५ वयोगटातली २५,००० माणसे त्रिमितीय स्कॅनरने मोजायची, अशी त्याची आखणी. ठिकाणे सहा : दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग. काम मोलाचे आहे. पण ही सहाही शहरे आहेत. भाताच्या खाचरात वाकून जिची कंबर आणि मांडी घडली, त्या बाईपर्यंत हा स्कॅनर यायचा आहे.

यापुढची अडचण बेतण्यातली आहे. कारखाना एक मधले माप घेऊन नमुना कापतो आणि मग प्रत्येक पुढच्या मापाला ठरावीक इंच वाढवत जातो. मधल्या मापाच्या आसपास हे जमते. दूर गेले की बिघडते, कारण शरीर सगळीकडून सारखे वाढत नाही. एकीचे पोट वाढते, एकीच्या मांड्या, एकीचा फक्त मागचा भाग. नितंबांचा घेर ४६ इंच असलेल्या दोघींपैकी एकीची मांडी २५ आणि दुसरीची २९ असू शकते. तक्त्यात मात्र दोघींना एकच अक्षर मिळते. माझी मापे अशी : कंबर ४०, नितंब ४८, मांडी २९. कमरेवरून चड्डी घेतली तर ती मांडीत अडते, मांडीवरून घेतली तर कमरेत सुटते.

दुकानदार अशा वेळी पुरुषांची मोठी चड्डी पुढे करतात. पुरुषांच्या नमुन्यात कंबर मोठी आणि नितंब त्या मानाने लहान असतात, आणि आतले पॅडही पुरुषाच्या शरीरासाठी आखलेले असते. तात्पुरती सोय होईल, पण दुखणे जाणार नाही.

आणि ही काही मूठभर बायकांची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के जादा वजनाच्या किंवा स्थूल आहेत. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण २०.६ टक्के होते. या बायकांना डॉक्टर व्यायाम करायला सांगतात. व्यायामाचा कपडा मात्र व्यायामाची सर्वांत कमी गरज असलेल्या अंगावर बेतलेला असतो.

शरीर कुठे टेकते

आता त्या चड्डीत असते काय ते पाहू. त्यासाठी आधी आपण सीटवर टेकतो कशावर हे समजून घ्यायला हवे. टणक पाटावर बसा आणि तळहात नितंबांखाली घाला. दोन गोलसर हाडे हाताला लागतील. ती ओटीपोटाच्या हाडाची खालची टोके. त्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. सायकलवर भार त्यांनी पेलायचा असतो. त्यांच्या मधल्या आणि पुढच्या मऊ भागात नसा व रक्तवाहिन्या असतात. भार तिथे गेला की बधिरपणा येतो, सूज येते, जखमा होतात.

महत्त्वाची गोष्ट अशी की या दोन हाडांतले अंतर वजनावर ठरत नाही, सांगाड्यावर ठरते. ते साधारण १० ते १६ सेंटिमीटरांच्या दरम्यान असते, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बहुधा थोडे जास्त. ५५ किलोच्या सडपातळ बाईचे आणि माझे अंतर एकच निघू शकते. म्हणून ‘जाड बाईला रुंद, गुबगुबीत सीट’ हा सल्ला अर्धवट आहे. फार मऊ सीटवर हाडे खाली रुततात आणि मधला फोम वर येऊन नेमका मऊ भागावर दाबतो. नव्या कापसाच्या गादीचे असेच होते. निजताना ढगासारखी वाटते आणि पहाटे हाडाला फळी लागते. चांगली पिंजून, ठासून भरलेली गादी दिसायला पातळ असली तरी अंग तोलून धरते.

चड्डीतल्या पॅडलाही हाच नियम लागू. वजन जास्त असेल तर जाडीपेक्षा घनता महत्त्वाची. अंगठ्याने दाबून पाहावे. अंगठा सहज दुसऱ्या बाजूला टेकला तर ते पॅड भाराखाली सपाट होणार. हळूहळू दबले आणि सोडताच वर आले तर टिकेल. बायकांच्या पॅडचा मागचा भाग रुंद आणि पुढचा आखूड असावा, आणि मध्यावरून शिवण जाऊ नये.

पूर्वी या पॅडच्या जागी खरे कातडे असे. युरोपातल्या शॅमॉय या डोंगरी बकरीसारख्या प्राण्याचे मऊ कातडे लोकरीच्या चड्डीत आतून शिवत. धुतले की ते कडक होई, म्हणून त्याला मलम चोळावे लागे. आजही पॅडला शॅमॉय म्हणतात आणि त्या मलमालाही तेच नाव आहे, जरी आता सगळे कृत्रिम असते.

ताणणारे कापड

कोल्हापूर जिल्ह्याला कापड नवे नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि त्यातून आजची वस्त्रनगरी उभी राहिली. मग आपल्याच जिल्ह्यात हे कापड का मिळू नये? कारण मागावरचे कापड ताण्याबाण्याचे असते. उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांत घट्ट बसतात. असे कापड टिकाऊ, पण ताणत नाही. सायकलच्या चड्डीचे कापड स्वेटरसारखे फासाफासांत गुंफलेले असते. फास उघडतो, मिटतो, म्हणून ते अंगाबरोबर हलते. त्यात नायलॉनबरोबर साधारण १५ ते २० टक्के इलॅस्टेन असते.

हा इलॅस्टेनचा धागा १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शायव्हर्स या रसायनतज्ज्ञाने तयार केला. बाजारात तो ‘लायक्रा’ या नावाने आला. त्याचा पहिला मोठा उपयोग ठरला होता बायकांचे पोट-नितंब आवळून धरणाऱ्या आतल्या कपड्यांसाठी. बाईचे शरीर आवळायला निघालेला धागा पुढे तिला मोकळेपणाने पाय मारायला उपयोगी पडला.

पण हा धागा उपयोगी तेव्हाच, जेव्हा त्यात ताणायला जागा शिल्लक असते. लहान माप ओढूनताणून घातले की कापड आधीच शेवटपर्यंत ताणलेले असते. मग ते अंगाबरोबर हलत नाही, अंगावर ओढले जाते. पॅड जागेवरून सरकते, शिवणी रुततात, आणि मागून कापड पारदर्शक दिसते. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. चड्डी घालून, पुढे वाकून, घरातल्या कुणाला उजेडात मागून बघायला सांगावे. कातडी दिसली तर माप लहान आहे, मग त्यावर अक्षर कोणतेही असो.

घरच्या घरी माप

पुढची पद्धत मी आणि माझ्या मैत्रिणीने करून पाहिली आहे.

बैठकीच्या हाडांसाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर किंवा टणक स्टुलावर ठेवावा. त्यावर पातळ कपड्यात बसावे, पायांखाली एखादी वीट घ्यावी म्हणजे गुडघे थोडे वर येतील, आणि हँडल धरल्यासारखे किंचित पुढे झुकून अर्धा मिनिट थांबावे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. नीट दिसत नसतील तर खडू आडवा धरून फिरवावा, खोलगट जागा कोरी राहते. दोन खळग्यांच्या मध्यांतले अंतर मोजावे. सीट त्यापेक्षा निदान दोन सेंटिमीटर रुंद हवी. ताठ बसून सायकल चालवत असाल तर आणखी थोडी. पॅडचा जाड भागही या दोन हाडांखालीच यायला हवा.

कपड्यासाठी चार मापे घ्यावीत : कंबर, नितंबांचा सर्वांत मोठा घेर, मांडीचा सर्वांत मोठा घेर आणि आसन, म्हणजे कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंतचे अंतर. मांडी उभे राहून आणि बसून, दोन्ही वेळा मोजावी. बसल्यावर ती पसरते, आणि सायकल बसूनच चालवायची आहे. चड्डी निवडताना आधी नितंब आणि मांडी पाहावी, कंबर शेवटी. कंबर सैल असेल तर शिंपी ती घेऊ शकतो. अडकलेल्या मांडीला तो काही करू शकत नाही.

पायाची लांबी गुडघ्याच्या थोडी वर येईल इतकी, आतून निदान नऊ-दहा इंच असावी. आखूड चड्डी वर सरकते आणि मांड्या जिथे घासतात नेमकी तीच जागा उघडी पडते. पायाच्या टोकाला अरुंद इलॅस्टिक नको. त्याने मांडीचे दोन भाग होतात आणि वळ उठतो. चार-पाच बोटे रुंद, सपाट पट्टी असावी. कमरेलाही तसेच. पाठीमागे उंच, पुढे पोटाखाली थोडी उतरती. पुढे उंच, कडक पट्टा असला की वाकल्यावर तो गुंडाळी होऊन पोटात रुततो. खांद्यांवर पट्टे असलेल्या चड्डीत हा त्रास नाही, पण लघवीला जाताना वरचे सगळे कपडे काढावे लागतात. वाटेत स्वच्छतागृह मिळण्याची मारामार असताना हे बायकांनी आधीच लक्षात घेतलेले बरे.

शिवणी आतून बोटाने चाचपाव्यात. दोन्ही कडा शेजारी शेजारी बसवून सपाट शिवलेल्या असतील तर बोट अडखळत नाही. आणि दोन पायांच्या मध्ये, चारही शिवणी जिथे एका बिंदूत भेटतात तिथे, शंकरपाळ्याच्या आकाराचा जोड आहे का ते पाहावे. त्या जोडामुळे शिवण घासण्याच्या जागेवरून बाजूला जाते. आपल्या जुन्या सलवारींतही असा जोड असायचा.

अंगात घालून पाहायची ती आरशासमोर उभे राहून नव्हे. पुढे झुकून, एखाद्या खुर्चीच्या कडेवर बसून, पाय वरखाली करून. उभ्याने बरोबर वाटणारी चड्डी बसल्यावर मागून खाली सरकू शकते, आणि उभ्याने पॅड लंगोटासारखे अवघडल्यासारखे वाटले तरी बसल्यावर ते जागेवर येते.

आत दुसरी चड्डी घालायची नाही, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते. आतल्या चड्डीची इलॅस्टिक आणि शिवण नेमकी भाराखाली येते आणि पॅडचा उपयोगच संपतो. म्हणूनच ही चड्डी दर वेळी धुवावी लागते, आतली बाजू बाहेर करून, आणि पूर्ण वाळवूनच घालावी लागते. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत काही वाळत नाही. ओल्या पॅडमुळे गजकर्ण होतो. त्यामुळे पावसाळ्यात दोन चड्ड्या तरी हव्यात, नाहीतर त्या दिवशी सुट्टी. मांड्यांना आधीच थोडे पेट्रोलियम जेली लावले तर घर्षण कमी होते. सोलवटले असेल तर बरे होईपर्यंत सायकल बंद. साखर असलेल्यांनी छोट्या जखमेकडेही दुर्लक्ष करू नये, आणि बधिरपणा वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. लाज तिथेही आडवी येते.

वहीतली नवी ओळ

मग मी चड्डी मिळवली कशी? दोन वाटांनी. आमच्याकडे बायकांचे कपडे शिवणाऱ्या एक वहिनी आहेत. त्यांना मी सगळे सांगितले. त्यांनी एक जुनी लेगिंग उसवून नमुना काढला, मी पॅड वेगळे मागवले. पहिली चड्डी घालून मी खाली बसले आणि टर्रकन आवाज आला. कापड ताणले, पण सरळ शिवणीचा दोरा ताणला नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी नागमोडी टाका घातला, शंकरपाळी जोड दिला आणि कमरेला मागे दोन इंच उंची वाढवली. तिच्यावर मी पंधरा किलोमीटर विनात्रास जाते. कारखान्यातल्या सपाट शिवणीची सर तिला नाही, लांब पल्ल्याला ती थोडी टोचते. त्यासाठी अक्षराऐवजी इंचांत मापे देणाऱ्यांकडून मी घरपोच मागवल्या. दोन परत केल्या, तिसरी ठेवली. वरून गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता घालते. रस्त्यावरच्या नजरा आहेत तशा आहेत. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी घालते. वारा लागला की बरे वाटते.

वहिनींच्या मापांच्या वहीत पूर्वी छाती, कंबर, बाही, गळा अशा ओळी असत. आता काही नावांपुढे त्यांनी खाली पेनाने तीन ओळी वाढवल्या आहेत : मांडी उभी, मांडी बसून, आसन. पहिले नाव माझे. मागच्या महिन्यात गुडघ्याचे कारण सांगून थांबलेली मैत्रीण दुकानात आली. वहिनींनी दाराचा पडदा ओढला आणि टेप हातात घेतला. ती म्हणाली, “कंबर मोठ्यानं वाचू नका हं.”

वहिनी म्हणाल्या, “कंबर लागतच नाही पहिल्यांदा. बसा आधी, मांडी घेते.”